बेसिनखालचे कपाट

गेल्या चैत्रात आमच्या घरी एक लहानसे बंड झाले आणि त्यात एका कपाटाचा बळी गेला. ते कपाट पूर्वजांनी मागे ठेवलेले शिसवी कपाट नव्हे, किंवा ग्रंथांनी भरलेले काचेचेही नव्हे. न्हाणीघरात हात-तोंड धुण्याच्या बेसिनखाली असते तसले ते कपाट. रुंदी ३० इंच, खोली २१ इंच, माथ्यावर काळ्या ग्रॅनाइटची लादी, त्या लादीत बसविलेले बेसिन आणि पुढे दोन पांढरी चकचकीत दारे. ज्या ठेकेदाराने २००४ साली ते आमच्या गळ्यात घातले त्याने त्याचे नाव 'व्हॅनिटी' असे सांगितले होते. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पोकळ अभिमान असा होतो, एवढे आम्हांस ठाऊक होते. परंतु साजशृंगाराच्या आरशाच्या मेजास तिकडे तेच नाव पडले, आणि पुढे बेसिनखालच्या कपाटानेही ते उचलले, हा इतिहास त्या वेळी आम्हांस ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी आम्ही ते कपाट घेतलेच असते. कारण त्या साली आमच्या इमारतीत आमच्याखेरीज बहुतेकांकडे ते होते.

आमचे घर पुण्यास सदाशिव पेठेत आहे. १९८९ साली वाडा पाडून त्याच जागी चार मजल्यांची इमारत उठली आणि वाड्यातील आम्ही बिऱ्हाडकरू एकदम सदनिकांचे मालक झालो. आमच्या मातोश्री १९६२ साली येथे सून म्हणून आल्या त्या वाड्यात. तेथील न्हाणीत बेसिन नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. एका कोपऱ्यात तांब्याचा बंब धुमसत असे, त्याच्याशेजारी घंगाळ, बसावयास एक गुळगुळीत झालेला दगड, पायाखाली शहाबादी फरशी आणि भिंतीत एक कोनाडा. त्या कोनाड्यात राखुंडीची डबी, शिकेकाईची वाटी आणि पाय घासावयाची वज्री एवढे सामान मावे. कोनाड्यास दार नसल्यामुळे कोणाचे काय संपले आणि कोणी काय नवे आणून ठेवले, हे साऱ्या घरास दिसत असे. तोंड धुणे तर चौकातल्या मोरीवर, दहा जणांच्या साक्षीने व्हावयाचे. आमच्या एका काकांची घसा खाकरण्याची तऱ्हा अशी होती की, पलीकडच्या बिऱ्हाडातील मुले त्यावरून शाळेची वेळ ओळखीत.

(न्हाणी या शब्दाने मागाहून एक अनपेक्षित कीर्ती मिळविली आहे. स्नानघरातील सांडपाणी वाहून जाण्यासाठी जमिनीत जाळीखाली जे भांडे पुरतात, त्यास आपल्याकडील स्थापत्यशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतही 'नहाणी ट्रॅप' असेच म्हटलेले आढळते. न्हाण्या गेल्या, परंतु ज्या एका वस्तूवर कोणाची दृष्टी जात नाही तिच्यात त्यांचे नाव शिल्लक राहिले.)

बंडाचे निमित्त झाले ते चालण्याच्या चौकटीचे. गेल्या पौषात मातोश्रींच्या पायांनी दगा दिला. पडल्या नाहीत, पण उठताना आधार लागू लागला, घोटे सुजू लागले, आणि डॉक्टरांनी चार पायांचा तो ॲल्युमिनियमचा वॉकर घ्यावयास सांगितले. घरात त्या वॉकरचे स्वागत नव्या पाहुण्यासारखे झाले. तो दिवाणखान्यातून फिरला, स्वयंपाकघरात जाऊन आला, देवापुढे उभा राहिला. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी मात्र अडला. आमचे न्हाणीघर ४ फूट रुंद, म्हणजे ४८ इंच. त्यातून कपाटाचे २१ इंच वजा जाता उरले २७. वॉकरची रुंदी २२. अंकगणिताप्रमाणे तो जावयास हवा होता आणि सरळ जातही होता. परंतु मनुष्य न्हाणीघरात सरळ जाऊन सरळ उलट्या पावलांनी परत येत नाही, त्यास आत वळावे लागते, ही गोष्ट अंकगणितात नव्हती. त्यात दार आत उघडणारे, आणि ते उघडले की कपाटाच्या कोपऱ्यास टेकणारे. म्हणून मातोश्री वॉकर दाराबाहेर ठेवीत आणि पुढची चार पावले ग्रॅनाइटच्या कडेस धरून चालत. ती कड बहुधा ओली असे.

हे आम्ही तीन महिने पाहिले. पाहिले म्हणजे काय, डोळ्यांसमोरून गेले. एके दिवशी त्यांचा हात त्या कडेवरून घसरला आणि दुसऱ्या हाताने त्यांनी नळ धरला. काही झाले नाही. नळ मात्र वाकडा झाला, आणि त्या वाकड्या नळाकडे पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आता नळ दुरुस्त करण्याआधी जरा दुसरा विचार करा."

त्या विचाराचे फळ म्हणजे खांबाचे बेसिन. त्यास दुकानात 'पेडेस्टल' म्हणतात. एक चिनीमातीचे बेसिन भिंतीस लागून असते आणि त्याखाली त्याच मातीचा एक बारीक खांब उभा असतो. बस्स, दुसरे काही नाही. आम्ही जे निवडले ते १६ इंच पुढे येत होते आणि २० इंच रुंद होते. म्हणजे वाटेस ५ इंच अधिक मिळणार, दार पुरते उघडणार, आणि खांबाची रुंदी अवघी ७ इंच असल्यामुळे वॉकरचे पुढचे पाय बेसिनखाली जाऊ शकणार. चाकांची खुर्ची वापरणाऱ्या माणसास हा खांबही आडवा येतो आणि त्यास नुसत्या भिंतीवर टांगलेले बेसिनच बरे, हे आम्हांस एका अनुभवी स्नेह्यांनी सांगितले होते. परंतु भिंतीवरचे बेसिन घेतले तर खालचे सगळे नळ उघडे दिसतात, आणि आम्ही अद्याप एवढे विरक्त झालो नव्हतो.

घरात याविषयी जी चर्चा झाली तीत सर्वांत समर्पक भाषण सौभाग्यवतींचे झाले, हे येथे नमूद केले पाहिजे. बेसिनचा विचार प्रथम त्यांनीच काढला होता, पण कपाट जाणार हे लक्षात येताच त्यांनी एकच प्रश्न केला, "आतले सामान कोठे ठेवायचे?" या प्रश्नास आम्ही 'होईल काहीतरी' असे उत्तर दिले. संसारात जे पुरुष 'होईल काहीतरी' म्हणतात त्यांच्या घरी ते काहीतरी कोणास तरी करावे लागते, आणि तो कोणीतरी बहुधा ते पुरुष नसतात.

सामान कोठे ठेवावे याचा विचार करण्याऐवजी आम्ही आमच्या स्वभावाप्रमाणे या विषयावरील चार पुस्तके चाळली. त्यांत निघाले ते असे. युरोपात घरोघर नळ येण्यापूर्वी लोक निजावयाच्या खोलीत एका तिवईवर चिनीमातीचे तस्त आणि पाण्याचा जग ठेवीत आणि तेथेच तोंड धूत. पुढे नळ आले, तेव्हा तस्त होते तेथेच राहिले आणि त्याखालच्या लाकडी मेजास दारे लावून नळ आत कोंडले. म्हणजे आमचे कपाट काही आजचे नव्हते. परंतु १९ व्या शतकाच्या अखेरीस आरोग्यसुधारकांनी या बंदिस्त लाकूडकामाविरुद्ध मोठी ओरड केली. नळ गळतो, लाकूड भिजते, अंधारात ओल राहते, कोणास दिसत नाही. म्हणून सारे उघडे ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. यात गंमत ही की, त्यांपैकी अनेकांचा समज गटारातून येणाऱ्या दूषित हवेनेच रोग होतात असा होता. तो समज चुकीचा होता; १८८४ साली कलकत्त्यास रॉबर्ट कॉख याने पटकीचे जंतू वेगळे करून दाखविले आणि रोग हवेच्या वासातून नव्हे, तर पाण्यातून जातो ही गोष्ट उत्तरोत्तर पक्की होत गेली. कारण चुकीचे, पण उपाय बरोबर, असा हा मामला. पुढे जंतूंची भीती बसल्यावर तोच उपाय नव्या कारणासाठी चालू राहिला, आणि २० व्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या चिनीमातीची खांबावरची बेसिने घरोघर दिसू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नव्या घरांतून सामानास जागा हवी म्हणून कपाट परत आले, आणि तेथून हिंडत हिंडत ते सदाशिव पेठेत आले.

वास अडविण्याची युक्ती मात्र याहून जुनी आहे. १७७५ साली लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकूपाच्या नळास नागमोडी वाक देऊन त्यात पाणी अडून राहील अशी रचना केली आणि तिचे पेटंट घेतले. नळातून पाणी जाते, पण शेवटचे थोडे वाकणात उरते, आणि त्या उरलेल्या पाण्यामुळे गटारातील वायू वर येऊ शकत नाही. बेसिनखाली जो बाटलीसारखा ट्रॅप असतो त्याचेही मर्म हेच. सुमारे २ इंच पाण्याचा हा पहारा सुकला की संपला. महिनाभर गावी जाऊन आलेल्या मनुष्यास न्हाणीघराचे दार उघडताच जो वास येतो तो याच कारणाने, आणि तांब्याभर पाणी ओतले की तो जातो. इतकी उपयुक्त माहिती मिळविल्यावर आपण या कामास सर्वथा पात्र झालो असे आम्हांस वाटले, आणि आम्ही मिस्त्रीस बोलावले.

मिस्त्री आला, त्याने कपाटाची दारे उघडून आत टॉर्च मारला आणि तो काही न बोलता उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, हे कधीपासून गळतंय?"

आम्हांस काय ठाऊक? पुढची दोन पांढरी दारे अजून नव्यासारखी होती. आतली प्लायची पाठ मात्र फुगून पुस्तकाच्या भिजलेल्या पानांसारखी सुटली होती. ट्रॅपच्या जोडातून थेंब थेंब पाणी, कदाचित वर्षानुवर्षे, खाली झिरपत होते. पाण्याजवळ जे प्लाय वापरावयाचे त्यास आयएस ७१० अशी मानकाची खूण असते. आमच्या ठेकेदाराने बाहेरच्या दारांसाठी ते वापरले होते, आणि पाण्याच्या अगदी कुशीत असलेल्या पाठीसाठी साधे. मालकाची नजर कोठे जाते हे त्यास पक्के माहीत असले पाहिजे. पुढे कपाट ओढून काढल्यावर दुसरी कारागिरी उघडकीस आली. कपाटाखाली आणि मागे भिंतीस किंवा जमिनीस फरशीच नव्हती. नुसते काँक्रीट होते. जेथे कोणी पाहणार नाही तेथे ८-१० चौरस फूट फरशी त्याने वाचविली होती आणि बिलात मात्र आमच्याकडून घेतली होती. आम्हांस राग आला. पण एकवीस वर्षे रोज त्या कपाटासमोर उभे राहून दाढी करणारे आम्हीच होतो, तेव्हा तो राग मिस्त्रीसमोर फार वेळ दाखविण्यासारखा नव्हता.

परंतु हे सारे नंतरचे. कपाट ओढण्यापूर्वी ते रिकामे करणे प्राप्त होते, आणि ते काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. किती वस्तू निघाल्या! फिनेलच्या तीन अर्धवट बाटल्या, साबणाच्या वड्यांचा साठा, तुटलेला शॉवर, आमच्या कै. वडिलांचा दाढीचा ब्रश आणि त्यांचे पितळी भांडे, मुलाच्या लहानपणीची प्लास्टिकची बदके, कोणत्याही नळास न लागणाऱ्या चाव्या. आणि अगदी मागे, ओल्या कोपऱ्यात, एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली दंतमंजनाची जुनी पत्र्याची डबी. डबीत दंतमंजन नव्हते. त्यात लहान पांढऱ्या गोळ्या होत्या. सगळ्या एकसारख्या. आम्ही त्या वर्तमानपत्रावर ओतून मोजल्या, एकाहत्तर निघाल्या.

गोळी आम्ही ओळखली. ओळखावयास हवीच होती, कारण रोज रात्री जेवणानंतर आम्हीच ती मातोश्रींच्या हातावर ठेवीत होतो. अंगात साचलेले पाणी लघवीवाटे काढून टाकण्याची ती गोळी. पायांची सूज उतरावी म्हणून दिलेली. मातोश्री ती हातात घेत, "चूळ भरून येते" म्हणत, आणि भिंतीला धरून न्हाणीघरात जात.

आम्ही डबी घेऊन त्यांच्याजवळ गेलो. त्या खाटेवर बसून वाती वळीत होत्या. डबीकडे पाहून त्यांनी वात खाली ठेवली नाही.

"सापडली वाटतं," त्या म्हणाल्या.

"आई, हे काय आहे?"

"तुला माहीत आहे काय आहे ते. ती गोळी घेतली की रात्रीतून चारदा उठावं लागतं. अंधारात. दाराशी ती चौकट सोडायची, मग त्या काळ्या दगडाला धरून जायचं. एकदा पाय सरकला होता माझा, मार्गशीर्षात. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही दोघं रात्रभर जागत बसला असतात, नाहीतर ठेवली असती एखादी बाई. त्यापेक्षा म्हटलं, गोळीच नको."

"मग टाकून का नाही दिल्यास?"

यावर मात्र त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की, आम्ही पुन्हा इयत्ता चौथीत गेलो. "पैसे पडतात त्याला," त्या म्हणाल्या.

आम्ही डॉक्टरांस दूरध्वनी केला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी अगदी सौम्य स्वरात एक प्रश्न विचारला : "पण ही गोळी मी सकाळची लिहिली आहे ना?" आम्ही कपाटातून, म्हणजे दुसऱ्या, कागदपत्रांच्या कपाटातून, त्यांची चिठ्ठी काढून पाहिली. सकाळ, असेच लिहिले होते. आम्हीच ती रात्रीवर नेली होती. सकाळी आम्हांस कामावर जाण्याची घाई, सौभाग्यवतींस त्यांच्या शाळेची घाई; रात्री सगळ्या गोळ्या एकदम दिल्या म्हणजे विसर पडत नाही, अशी आम्ही आमची व्यवस्था लावली होती, आणि तिचा आम्हांस थोडा अभिमानही होता. सकाळी घेतलेल्या या गोळीचा जोर दुपारपर्यंत ओसरतो आणि रात्र मोकळी जाते, म्हणूनच ती सकाळी द्यावयाची असते. हे कारण त्या चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते, हे खरे. परंतु ते आम्ही विचारलेही नव्हते. कमिंगच्या पेटंटचे साल मात्र आम्ही शोधून काढले होते.

घोट्यांची सूज, उठताना लागणारा आधार आणि वॉकर, यांपैकी किती भाग वयाचा आणि किती भाग त्या डबीतील एकाहत्तर गोळ्यांचा, याचा हिशेब आम्ही डॉक्टरांस विचारला. ते म्हणाले, असा हिशेब सांगता येत नाही. मातोश्रींची पुन्हा तपासणी झाली, रक्त तपासले गेले आणि गोळी सकाळच्या चहाबरोबर सुरू झाली. पंधरा दिवसांत सूज उतरली. वॉकर मात्र सुटला नाही.

इकडे न्हाणीघरात निराळेच संकट उभे राहिले होते. कपाटाच्या पोटात काहीही दडत असल्यामुळे पूर्वीच्या कारागिराने सांडपाण्याचा नळ भिंतीतून बेसिनच्या मधोमध न काढता उजवीकडे ७ इंच सरकवून काढला होता, आणि पाणी बंद करण्याचे दोन अँगल कॉक दोन टोकांस. कपाटात ते खपून गेले. खांबाच्या बेसिनला असा गबाळेपणा चालत नाही. सारे नळ खांबामागच्या अरुंद पोकळीत, मधल्या रेषेवर यावे लागतात. म्हणून भिंत फोडणे आले. दोन दिवस छिन्नीचा आवाज आणि तांबडी धूळ. खालच्या मजल्यावरील गृहस्थ येऊन विचारपूस करून गेले. त्यांच्या विचारपुशीत काळजीपेक्षा चौकशी अधिक होती.

बेसिन बसविताना मिस्त्रीने आम्हांस आणखी एक गोष्ट शिकविली, आणि तिने आमच्या पुस्तकी ज्ञानास चांगलाच धक्का दिला. आमची समजूत अशी की, खांबावर बेसिन उभे असते. नावच खांबाचे बेसिन! मिस्त्रीने भिंतीत दोन जाड बोल्ट पक्के केले, बेसिन त्यांवर अडकविले, चाव्या आवळल्या, आणि खांब हातात धरून म्हणाला, "साहेब, याचा मुख्य उपयोग नळ झाकायला. थोडा टेकू होतो, पण खरा भार भिंतीवर. आजींना सांगा, याच्यावर रेलायचं नाही." म्हणजे कपाट दिसावयास हलके होते आणि त्यावर मनुष्य रेलत असे, हा खांब दिसावयास भक्कम, आणि त्याच्या भरवशावर रेलू नये! ज्या कडेस धरून मातोश्री चालत होत्या ती कड आम्ही काढून टाकली होती आणि तिच्या जागी न धरण्याची वस्तू आणून उभी केली होती. या मिस्त्रीस हे सुचले नसते तर आम्हांस ते केव्हा कळले असते, याचा विचार आम्ही करीत नाही. त्याच दिवशी जाऊन आम्ही पोलादाच्या दोन दांड्या आणल्या. एक दाराजवळ आडवी आणि एक शौचकूपाजवळ उभी अशा त्या बसविल्या. फरशीवर न बसविता फरशीच्या मागे पक्क्या विटेत, खोल भोक पाडून बसविल्या. दोन्हींस मिळून जो खर्च आला तो बेसिनच्या निम्माही नव्हता, आणि सगळ्या कामात खरोखर आवश्यक म्हणावे असे काही असेल तर त्या दोन दांड्या.

राहिला प्रश्न उघड्या पडलेल्या जमिनीचा. २००४ सालची फरशी बाजारात कोठे मिळावी? दुकानदाराने तुकडा हातात घेऊन पाहिला आणि तो हसला. सगळी जमीन नव्याने करावी तर खर्च चौपट. तेव्हा वाती वळता वळता मातोश्री म्हणाल्या, "गच्चीवर तुळशीखाली वाड्यातली शहाबादी पडली आहे. चार-पाच तुकडे असतील. ती का नाही लावत?" आम्ही म्हणालो, पांढऱ्या चकचकीत फरशीत ती करडी शहाबादी कशी दिसेल? "दिसायचं काय त्यात," त्या म्हणाल्या, "तिच्यावर पाय सरकत नाही."

मिस्त्रीने तुकडे कापून बसविले, सांध्यांत सिमेंट भरले. आता आमच्या न्हाणीघरात पांढऱ्या जमिनीमध्ये बेसिनपुढे करड्या दगडाचे एक ठिगळ आहे. येणारे-जाणारे त्याकडे पाहतात आणि भिडेखातर काही बोलत नाहीत. सौभाग्यवतींस ते आवडत नाही, आणि ते त्यांनी आम्हांस स्पष्ट सांगितले आहे. त्यांची दुसरी तक्रार अधिक न्याय्य आहे. कपाटातील सामान अखेर बोळात, एका उघड्या मांडणीवर गेले. फिनेलच्या बाटल्या, साबण, घासण्या, सारे पाहुण्यांच्या दृष्टीस पडते, आणि ते रोज नीटनेटके ठेवण्याचे काम त्यांच्याकडे आले. आम्ही त्या मांडणीस पडदा लावू म्हटले. त्या म्हणाल्या, "नको. पुन्हा काही मागे जाऊन बसायला नको." वडिलांचे दाढीचे भांडे मात्र त्यांनी घासून, चिंचेने लख्ख करून मातोश्रींच्या खाटेशेजारी ठेवले आहे, आणि सकाळची गोळी आता त्या भांड्यात असते.

रात्री कधी जाग आली तर बोळातून वॉकरचा टक्-टक् आवाज येतो, तो दाराशी थांबत नाही, आत जातो, वळतो, आणि परत येतो. आम्ही तो पुरता परत येईपर्यंत ऐकतो.

परवा सकाळी मातोश्री न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि आम्हांस म्हणाल्या, "अरे, तो खांब मागून पोकळ आहे रे."

"हो, नळ जातात त्यातून."

"बरीच जागा आहे," त्या म्हणाल्या, आणि वॉकर पुढे टाकीत देवघराकडे गेल्या.

आम्ही लगेच आत जाऊन, खाली वाकून, खांबामागे हात घालून पाहिले. ट्रॅप कोरडा होता, जोड घट्ट होते, आणि दुसरे काही नव्हते.